चौदा संघांचं बारसं

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये १९६१ पासून जे नवे संघ आले, त्यांची मेट्स, पाद्रेज, एक्स्पोज, डेव्हिल रेज अशी नावं कुणी ठरवली? सगळीकडे ‘चाहत्यांची स्पर्धा घेतली’ एवढंच वाचायला मिळतं, ते खरं का? आणि त्यातली काही नावं पुढे गायब का झाली?

स्पर्धा बहुतेक ठिकाणी खरोखर झाल्या. पत्रांचे ढीग आले, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. पण बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा ते घरातल्यांनी आधीच ठरवलेलं असतं. इथेही तसंच होतं. नाव ठरवणारे खरे तिघं: पैसा घालणारा मालक, त्या शहरात आधी खेळून गेलेला एखादा छोटा संघ आणि वकील. मी अमेरिकेत क्रीडासंघांच्या नावांचे आणि बोधचिन्हांचे हक्क तपासण्याचं काम करतो. एखाद्या टोपीवाल्याला जुनं चिन्ह छापायचं असेल, तर ते आज कुणाच्या मालकीचं आहे हे शोधून देणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे माझी नजर जरा व्यवहारी आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकी संघाच्या नावात दोन तुकडे असतात, आधी शहर किंवा राज्य आणि मग टोपणनाव. जुन्या १६ संघांतल्या बऱ्याच जणांची टोपणनावं वार्ताहरांनी चिकटवलेली होती. एकाच संघाला दोन-तीन नावं असायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. १९६० पर्यंत संघ हे १६च राहिले. मात्र १९५८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स दोघेही कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि न्यूयॉर्कमध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग) एकही संघ उरला नाही. तेव्हा विल्यम शे या वकिलानं ब्रँच रिकीसारख्या बेसबॉलच्या कारभारात मुरलेल्या माणसाला हाताशी धरून कॉन्टिनेंटल लीग नावाची तिसरी लीग उभी करायचा घाट घातला. ही लीग एकही सामना न खेळता १९६० मध्ये गुंडाळली गेली, पण तिचं काम झालं होतं. मेजर लीगवाल्यांनी धसका घेऊन स्वतःच नवे संघ द्यायचं कबूल केलं. १९६१, १९६२, १९६९, १९७७, १९९३ आणि १९९८ अशा सहा खेपांत १४ संघ आले. त्यांतल्या पाच जणांचं मूळ टोपणनाव आज मैदानावर दिसत नाही.

नव्या संघाला खेळाडू मिळतात ते जुन्या संघांच्या शिलकीतून. आपले चांगले खेळाडू जुने संघ राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवडायचं. म्हणजे पहिली काही वर्षं हरण्यात जाणार हे ठरलेलं. अशा वेळी मालकाकडे विकण्याजोगं नाव, टोपी आणि रंग सोडून फारसं काही नसतं. आयपीएल बघणाऱ्यांना हे नवीन नाही. पुण्याचा संघ २०१६ मध्ये ‘सुपरजायंट्स’ होता आणि २०१७ मध्ये शेवटचं अक्षर गाळून ‘सुपरजायंट’ झाला. मालकाच्या मनात आलं की नाव बदलतं.

पहिलंच उदाहरण लॉस एंजलिसचं घ्या. जीन ऑट्री हा सिनेमातला गाणारा काउबॉय. पुढे रेडिओ स्टेशनांचा मालक झाला. डिसेंबर १९६० मध्ये तो लीगच्या बैठकीला गेला तो नव्या संघाच्या सामन्यांचे प्रक्षेपण-हक्क आपल्या स्टेशनला मिळावेत म्हणून, आणि परतला तो आख्खा संघ पदरात घेऊन. ‘एंजल्स’ हे नाव त्यानं शोधून काढलेलं नव्हतं. त्या नावाचा संघ १९०३ पासून पॅसिफिक कोस्ट लीग या खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये लॉस एंजलिसमध्ये खेळत होता. डॉजर्सचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ मध्ये तो संघ विकत घेतला, म्हणजे नाव त्यांच्या खिशात. त्यामुळे ऑट्रीला शहरात शिरायचा मोबदला ओमॅलींना द्यावा लागला, १९६२ पासून चार मोसम त्यांच्याच स्टेडियममध्ये भाडेकरू म्हणून खेळावं लागलं, आणि नावही त्यांच्याकडूनच आलं.

‘एंजल्स’ टिकलं, पण त्याच्या आधीचा शब्द तीन वेळा फिरला. लॉस एंजलिसजवळच्या अनाहाइमला नवं स्टेडियम मिळालं तेव्हा संघ ‘कॅलिफोर्निया’ झाला. १९९७ मध्ये डिस्नी कंपनीनं तो ‘अनाहाइम एंजल्स’ केला, कारण स्टेडियमच्या दुरुस्तीला नगरपालिकेनं ३ कोटी डॉलर घातले होते आणि बदल्यात नावात अनाहाइम असावं अशी अट करारात घालून घेतली होती. पुढचे मालक आर्टी मोरेनो यांना लॉस एंजलिसची मोठी बाजारपेठ हवी होती. त्यांनी करार नीट वाचला. नावात अनाहाइम ‘असावं’ एवढंच त्यात होतं. कुठे असावं, ते नव्हतं. २००५ मध्ये संघ झाला ‘लॉस एंजलिस एंजल्स ऑफ अनाहाइम’. नगरपालिका कोर्टात गेली आणि २००६ मध्ये ज्युरीनं संघाच्या बाजूनं कौल दिला. आमच्या धंद्यात नव्यानं आलेल्यांना मी हाच खटला आधी वाचायला देतो. नगरपालिकेच्या वकिलांनी एक ओळ जास्त लिहिली असती तर हे टळलं असतं. २०१६ पासून तर संघानं शेवटचे दोन शब्दही सोडून दिले.

१९६१ मध्येच वॉशिंग्टनमध्ये जे झालं ते अजून गमतीचं. तिथला जुना सेनेटर्स संघ १९६० नंतर मिनेसोटाला गेला आणि ट्विन्स झाला. राजधानीत संघ नसला तर संसद चिडेल आणि १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट जाईल, ही लीगची भीती. म्हणून तिथे लगेच नवा संघ दिला आणि नाव तेच ठेवलं, सेनेटर्स. तेच शहर, पहिल्या वर्षी तेच ग्रिफिथ स्टेडियम, पण सगळे जुने विक्रम मात्र मिनेसोटाच्या वहीत. एप्रिल १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पहिला चेंडू टाकला तो या दुसऱ्या सेनेटर्सच्या सामन्यात. दहा वर्षांनी हाही संघ उठला. ३० सप्टेंबर १९७१ च्या शेवटच्या सामन्यात सेनेटर्स यांकीजविरुद्ध ७-५ नं पुढे होते, एक खेळाडू बाद व्हायचा बाकी होता, आणि चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. सामना यांकीजना बहाल झाला.

संघ टेक्ससमध्ये आर्लिंग्टनला गेला आणि ‘रेंजर्स’ झाला. टेक्सस रेंजर्स हे त्या राज्याचं जुनं पोलीस दल. त्या दलानं मेक्सिकन वंशाच्या लोकांवर केलेल्या अत्याचारांचा विषय २०२० मध्ये पुन्हा वर आला, तेव्हा संघानं नाव बदलणार नाही असं जाहीर केलं. पण ‘सेनेटर्स’ नावाचे हक्क त्यांनी टेक्ससला जातानाही सोडले नव्हते, हे लक्षात ठेवा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्सना मी या १४ जणांत सगळ्यात वरचं स्थान देतो. मालकीण जोन पेसन या मुळात जायंट्सच्या छोट्या भागधारक होत्या आणि संघ कॅलिफोर्नियाला न्यायला त्यांचा विरोध होता. नव्या संघासाठी चाहत्यांकडून नावं मागवली. बर्रोज, स्कायस्क्रेपर्स, अव्हेंजर्स, जेट्स अशी बरीच नावं पुढे आली. पेसनबाईंना स्वतःला ‘मेडोलार्क्स’ आवडत होतं. तरी निवड झाली मेट्सची, आणि कारणं चोख होती. कंपनीचं नोंदलेलं नावच न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन बेसबॉल क्लब होतं, १८८० च्या दशकात शहरात मेट्रोपॉलिटन्स नावाचा संघ होऊन गेला होता, आणि एवढं आखूड नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसतं. रंगही वारशानं घेतले, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी. दोन्ही संघांच्या पोरक्या झालेल्या चाहत्यांना एकाच टोपीत गोळा करायचं होतं. पहिल्या मोसमात ते १२० सामने हरले. केसी स्टेंगलसारखा तोंडाळ आणि लाडका व्यवस्थापक असल्यामुळे न्यूयॉर्कनं ते हसून घेतलं आणि १९६९ मध्ये हाच संघ जगज्जेता झाला.

ह्यूस्टनची कथा जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. १९६२ मध्ये त्यांनी घेतलेलं ‘कोल्ट फॉर्टी-फाइव्ह्ज’ हे नाव स्पर्धेतून आलं होतं. कोल्ट कंपनीचं ते प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर, ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ म्हणून मिरवलं जाणारं. जर्सीवर छातीभर पिस्तूल आणि नळीतून निघणारा धूर. ते खेळायचे कोल्ट स्टेडियममध्ये, आणि तिथल्या उकाड्यापेक्षा डासांच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात. टोप्या आणि जर्सी विकायची वेळ आली तेव्हा बंदूक कंपनीनं आपल्या नावाच्या मोबदल्याचा विषय काढला. संघाचे सर्वेसर्वा रॉय हॉफहाइन्झ यांना जगातलं पहिलं छपराखालचं स्टेडियम उभारायचं होतं, दुसऱ्याच्या नावाला भाडं भरत बसायचं नव्हतं. तोवर नासाचं मानवी अंतराळयान केंद्र ह्यूस्टनला आलेलं होतं आणि शहराची ओळखच त्यावर बदलत होती. १ डिसेंबर १९६४ रोजी नाव बदलल्याचं जाहीर झालं: अ‍ॅस्ट्रोज. स्टेडियम झालं अ‍ॅस्ट्रोडोम. मैदान झाडणारे लोकसुद्धा अंतराळवीरांच्या पोशाखात फिरायचे.

छताच्या काचांतून येणाऱ्या उजेडानं उंच चेंडू दिसेनासा होई, म्हणून काचा रंगवल्या. मग खालचं गवत मेलं. १९६६ मध्ये प्लॅस्टिकचं गवत अंथरलं आणि त्याचं नाव पडलं अ‍ॅस्ट्रोटर्फ. नव्या संघाचं टोपणनाव जगभरच्या हॉकी मैदानांवर पोचल्याचं हे एकच उदाहरण. आपल्याकडच्या हॉकीपटूंनी अ‍ॅस्ट्रोटर्फच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडली, ते नाव मुळात एका बेसबॉल संघाच्या बारशातून आलेलं आहे. बंदूक मात्र पूर्ण गेली नाही. २०१२ मध्ये अ‍ॅस्ट्रोजनी पन्नाशीनिमित्त जुनी जर्सी घालायचं ठरवलं तेव्हा लीगनं आधी पिस्तूल काढायला सांगितलं, आरडाओरडा झाल्यावर परवानगी दिली.

१९६९ ची खेप राजकारणातून आली. अ‍ॅथलेटिक्स संघ कॅन्सस सिटी सोडून ओकलंडला गेला म्हणून मिसूरीचे सेनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांनी लीगला तीच कायद्याची धमकी दिली. मूळ बेत १९७१ चा होता. तो दोन वर्षं अलीकडे ओढला गेला. त्या घाईचा फटका कॅन्सस सिटीला बसला नाही, सिएटलला बसला.

कॅन्सस सिटीत औषध उद्योजक युइंग कॉफमन यांच्याकडे पैसा होता आणि धीरही. तिथल्या स्पर्धेतून आलेलं ‘रॉयल्स’ हे नाव राजेशाहीवरून नाही, तर १८९९ पासून भरणाऱ्या अमेरिकन रॉयल या जनावरांच्या प्रदर्शनावरून. बैल, घोडे, डुकरं यांचा तो मोठा मेळा. ते शहर उभंच राहिलं मांसाच्या आणि गुरांच्या व्यापारावर. त्याच शहरात कृष्णवर्णीयांच्या लीगमधला मोनार्क्स (म्हणजे राजे) हा थोर संघ होऊन गेला, पुढे मेजर लीगची वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये तिथेच खेळला. त्यामुळे मुकुट डोक्यावर घ्यायला ते शहर आधीपासून सरावलेलं होतं. कॉफमन सुरुवातीला या नावाला राजी नव्हते. या एका बाबतीत मात्र चाहत्याची निवड मालकावर भारी पडली.

सिएटलचा संघ ‘पायलट्स’. त्यात दोन गोष्टी होत्या. बोइंगमुळे शहराचा विमानांशी संबंध, आणि मालकांपैकी ड्यूई सोरियानो हे बंदरात जहाजं आत आणणारे पायलट. टोपीच्या झापावर जहाजाच्या कप्तानासारखी सोनेरी वेलबुट्टी होती. माझ्या मते बेसबॉलमधली ती सगळ्यात देखणी टोपी. पण पैसा नव्हता आणि स्टेडियम धड नव्हतं. सिक्स स्टेडियममध्ये पहिल्या दिवशी सगळ्या खुर्च्याही लागल्या नव्हत्या, आणि गर्दी वाढली की नळाला पाणी येत नसे. एका मोसमात संघ दिवाळखोरीत गेला. ३१ मार्च १९७० च्या रात्री न्यायालयानं विक्रीला हिरवा कंदील दाखवला. तोपर्यंत सामान भरलेले ट्रक सरावशिबिरातून निघून युटामधल्या प्रोव्होपाशी थांबले होते, सिएटलकडे वळायचं की मिलवॉकीकडे याचा निरोप येण्याची वाट बघत. निरोप मिलवॉकीचा आला.

खरेदीदार बड सीलिग यांच्या मनात गडद निळा आणि लाल रंग होता. पण मोसम सुरू व्हायला जेमतेम आठवडा, नवे कपडे शिवणार कोण? पायलट्सच्या जर्सीवरची अक्षरं उसवून तिथे ‘ब्रूअर्स’ शिवलं. मिलवॉकी पन्नास वर्षांहून जास्त काळ निळ्या-सोनेरी रंगांत खेळते आहे त्यामागे रंगशास्त्र वगैरे काही नाही, शिंप्याला वेळ नव्हता एवढंच. ‘ब्रूअर्स’ म्हणजे बिअर गाळणारे. हेही नवं नाव नव्हे. १९०१ मध्ये अमेरिकन लीगचा संघ याच नावानं एक वर्ष मिलवॉकीत खेळला होता आणि पुढे अर्धं शतक तिथल्या छोट्या संघाचं ते नाव होतं. सिएटलचं ते मोडकं स्टेडियमही एमिल सिक या बिअरवाल्याच्याच नावाचं होतं, हा आपला योगायोग.

मॉन्ट्रियलला खरं तर ‘रॉयल्स’ हवं होतं. जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडे जाण्याआधी १९४६ मध्ये मॉन्ट्रियल रॉयल्सकडूनच खेळला होता, शहराचा त्या नावावर जीव होता. पण कॅन्सस सिटीनं ते आधी उचललं. मग दोनच वर्षांपूर्वी भरलेल्या एक्स्पो ६७ या जागतिक प्रदर्शनावरून ‘एक्स्पोज’. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हीत तसंच्या तसं चालणारं नाव, आणि या शहरात ती अट फार मोठी होती. अमेरिकेबाहेरचा हा पहिला मेजर लीग संघ. टोपीवरच्या तीन रंगांच्या चिन्हात कुणाला काय दिसायचं यावर अजून वाद चालतो.

एक्स्पोजचा शेवट वाईट झाला. २००२ मध्ये लीगनं संघ स्वतःच विकत घेतला, म्हणजे उरलेले २९ संघ त्याचे मालक, आणि २००३-०४ मध्ये ‘घरचे’ काही सामने तर प्वेर्तो रिकोत झाले. २००५ मध्ये संघ वॉशिंग्टनला हलला. तिथे पुन्हा सेनेटर्स नाव घ्यायला काय हरकत होती? दोन हरकती होत्या. एक, ते नाव टेक्सस रेंजर्सच्या ताब्यात. दुसरी, राजधानीच्या लोकांना अमेरिकी सेनेटमध्ये प्रतिनिधीच नाही, तेव्हा संघाला सेनेटर्स म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ, असं तिथल्या महापौरांसकट अनेकांचं म्हणणं. शेवटी ‘नॅशनल्स’ ठरलं, जे पहिल्या सेनेटर्सचं १९०५ ते १९५६ पर्यंतचं अधिकृत नाव होतं. एक्स्पोजचे विक्रम कागदोपत्री नॅशनल्सकडे गेले. यूप्पी हा त्यांचा केसाळ केशरी शुभंकर मात्र मॉन्ट्रियलमध्येच राहिला. तिथल्या आइस हॉकी संघानं त्याला कामावर ठेवून घेतलं.

सॅन डिएगोचे पाद्रेज हे एंजल्ससारखंच प्रकरण. १९३६ पासून तिथे पॅसिफिक कोस्ट लीगचा पाद्रेज संघ होता, थोर फलंदाज टेड विल्यम्स पोरवयात त्याच्याकडून खेळला. (हाच विल्यम्स पुढे वॉशिंग्टनच्या दुसऱ्या सेनेटर्सचा व्यवस्थापक होता आणि त्यांच्याबरोबर टेक्ससला गेला.) नावाचं मूळ १७६९ चं. त्या वर्षी हुनिपेरो सेरा या स्पॅनिश पाद्र्यानं तिथे मिशन स्थापन केलं. मेजर लीगचा संघ बरोबर २०० वर्षांनी आला. पण मालक कर्जात बुडाला आणि १९७४ च्या आधी संघ वॉशिंग्टनला विकल्यात जमा होता, इतका की खेळाडूंची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीनं त्या वर्षीच्या काही कार्डांवर पाद्रेजऐवजी वॉशिंग्टन छापूनही टाकलं. ती कार्डं संग्राहक आजही शोधत असतात. ऐनवेळी मॅकडॉनल्ड्सचे रे क्रॉक आले, १ कोटी २० लाख डॉलर मोजले आणि संघ तिथेच राहिला. गंमत म्हणजे घरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी माइक हातात घेऊन सगळ्या प्रेक्षकांसमोर स्वतःच्याच खेळाडूंना झापलं.

१९७७ ची जोडी खटल्यातून जन्मली. पायलट्स पळवल्याबद्दल वॉशिंग्टन राज्य, काउंटी आणि सिएटल शहरानं अमेरिकन लीगवर दावा ठोकला होता. १९७६ मध्ये खटला उभा राहिला, लीगची बाजू लंगडी दिसू लागली, आणि दावा मागे घेण्याच्या बदल्यात सिएटलला नवा संघ मिळाला, ‘मॅरिनर्स’. पायलट हे जुनं नाव अपशकुनी, पण समुद्र तर सोडवत नाही, म्हणून दर्यावर्दी. जागतिक मालिकेपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीपर्यंत, एकदाही न पोचलेला हा एकच संघ उरला आहे.

संघांची संख्या सम राहावी म्हणून जोडीला टोरांटो आलं. तिथल्या लाबॅट या बिअर कंपनीनं वर्षभर आधी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स जवळजवळ विकत घेतलेच होते. कोर्टाच्या मनाईमुळे ते फिसकटलं. नव्या संघासाठी स्पर्धा झाली, ४,००० च्या वर वेगवेगळी नावं आली आणि निवडलं ‘ब्लू जेज’, निळा पक्षी. लाबॅटची सगळ्यात खपाची बिअर होती ‘ब्लू’. लोक बोलताना संघाला नुसतं ‘ब्लूज’ म्हणतील हा कंपनीचा हिशेब. लोकांनी केलं ‘जेज’. त्याहून मोठा विनोद पहिल्या दिवशी झाला. ७ एप्रिल १९७७, मैदानावर बर्फ, बिअर कंपनीचा संघ, आणि ओंटारियोच्या कायद्यानुसार स्टेडियममध्ये बिअर विकायला बंदी! ती उठायला १९८२ उजाडलं. जाता जाता: फिलाडेल्फियाच्या फिलीज संघानं १९४४ मध्ये स्पर्धा घेऊन हेच नाव लावून पाहिलं होतं, तिथे ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

नव्वदच्या दशकातली नावं मला कमी रुचतात, कारण तोवर नाव ठरवण्याआधी माल किती खपेल याचा अंदाज घेण्याची पद्धत पक्की झाली होती. प्रवेशशुल्कच १९९३ च्या संघांना ९ कोटी ५० लाख डॉलर आणि १९९८ च्या संघांना १३ कोटी डॉलर होतं. एवढा पैसा टाकणारा नावावर जुगार कशाला खेळेल? कोलोरॅडोच्या रॉकीजनी डोंगराचं नाव घेतलं, जे आधी तिथल्या आइस हॉकी संघानं वापरून सोडलं होतं. पहिल्या वर्षी ४४,८३,३५० प्रेक्षक आले. नाव काहीही असतं तरी आले असते. मार्लिन्स हे मायामीतल्या जुन्या छोट्या संघाचं नाव. मालक वेन हुइझेंगा यांना सगळं राज्य गिऱ्हाईक म्हणून हवं होतं, म्हणून आधी ‘फ्लोरिडा’ लावलं. २०१२ मध्ये नव्या स्टेडियमला स्थानिक पैसा लागला, तेव्हा करारानं ‘मायामी’ झालं. अ‍ॅरिझोनाचे डायमंडबॅक्स म्हणजे तिथल्या वाळवंटातला खुळखुळ्या साप, आणि बेसबॉलचं मैदानही डायमंडच. इतकं चपखल की थोडं बेतलेलं वाटतं. चौथ्याच मोसमात, २००१ मध्ये, त्यांनी यांकीजना हरवून जागतिक मालिका जिंकली. इतक्या झटपट दुसऱ्या कुठल्या नव्या संघाला ते जमलेलं नाही.

टँपा बे वेगळं. मालक व्हिन्स नैमोली यांना ‘स्टिंगरेज’ हवं होतं, पण ते हवाईतल्या एका हिवाळी संघाकडे नोंदलेलं निघालं. मग ‘डेव्हिल रेज’, समुद्रातला तो पंखांसारखे कल्ले पसरून पोहणारा मासा. धार्मिक मंडळींनी ‘डेव्हिल’वर आक्षेप घेतला, फोनवर मतं मागवली, लोकांनी सैतानालाच कौल दिला. दहा मोसमांत संघानं एकदाही ७० पेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. नव्या मालकांनी २००८ च्या मोसमाआधी ‘डेव्हिल’ काढून टाकला आणि उरलेल्या ‘रेज’चा अर्थ सूर्यकिरण लावला. त्या वर्षी ९७ विजय आणि थेट जागतिक मालिका. नावाला श्रेय देणारे भेटतात. नवोदित खेळाडू निवडताना तळाच्या संघाला आधी संधी मिळायची, म्हणून मी श्रेय देईन ते वर्षानुवर्षं तळाला राहिल्यामुळे पदरात पडलेल्या पहिल्या पसंतीच्या तरुण खेळाडूंना.

तेव्हा नावं गायब का होतात, याचं उत्तर यातच आहे. कुठे नाव दुसऱ्या कंपनीचं होतं, कुठे गाव सुटलं, कुठे पैसे बुडाले, आणि टँपात मालक बदलला. खेळाच्या कारणानं गेलेलं एकही नाव मला आठवत नाही. मेजर लीगमध्ये आता पुन्हा दोन संघ वाढवायची चर्चा चालू आहे, नॅशव्हिल आणि सॉल्ट लेक सिटी यांची नावं घेतली जातात. नॅशव्हिलच्या एका गटानं तर कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या जुन्या संघाचं ‘स्टार्स’ हे नाव आधीच पुढे केलं आहे. स्पर्धा होतीलच. तोवर युटाच्या आइस हॉकी संघाचं काय झालं ते बघून ठेवा. चाहत्यांच्या मतदानात ‘येती’ हे नाव जोरात होतं, पण त्याच नावाची शीतपेट्या विकणारी कंपनी होती आणि नोंदणी कार्यालयानं अर्ज फेटाळला. पहिला मोसम संघ ‘युटा हॉकी क्लब’ एवढ्याच नावानं खेळला आणि २०२५ मध्ये ‘मॅमथ’ झाला.